श्रावणात मांजर हॉर्न विसरली की रुसली?

गडग्यावरची (देवगड)
आमची सोनी तुळशीमागे झोपलेली असते. साडेनवाला मासेवाल्या काकींचा हॉर्न वाजला की थेट गडग्यावर (कुंपणाच्या दगडी भिंतीवर) उडी. टोपली उघडायच्या आधीच जिभल्या चाटायला सुरुवात! पाववाल्याचा हॉर्नही तसाच. आधी त्यालाही धावायची, आता नुसता कान हलवते.

मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, काकी फिरकल्याच नाहीत. तरी ऑगस्टातल्या पहिल्या हॉर्नला बाईसाहेब हजर. मग श्रावण लागला. काकी खालच्या वाडीत जाताना रोज वाजवायच्या, आम्ही घेत नव्हतो. आठ-दहा दिवसांत हिने उठणंच सोडलं. दोन महिन्यांत न विसरलेलं दहा दिवसांत कसं विसरली? सासूबाई म्हणतात, "रुसला गो तां."

तिरफळ
आमच्याकडे मांजर नाही, मीच आहे. तिखल्यात तिरफळं पडल्याचा वास आला की बांगडा ताटात यायच्या आधीच तोंडाला पाणी.

जुना मास्तर
विसरली नाही हो. बंदीत हॉर्नच नव्हता, म्हणजे 'हॉर्न झाला की मासा' हे खोटं ठरायचा प्रश्नच आला नाही. श्रावणात ते रोज खोटं ठरत होतं. याला विलोपन म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांचंही तेच. मेट्रोनोम (टकटक ठोके देणारं यंत्र) वाजला की खाणं, असं शिकल्यावर नुसत्या ठोक्यांनीच त्यांना लाळ सुटायची. (नोबेल १९०४ चं, पण पचनाच्या कामाला. लाळेची भानगड त्यातूनच निघाली.) खाणं न देता नुसता मेट्रोनोम वाजवत राहिलं की लाळ आटत जायची. मात्र मध्ये खंड पाडून परत वाजवला की थोडी यायचीच. जुनं पुसलं जात नाही, दबून राहतं. पाववाल्याचं म्हणाल तर आधी सामान्यीकरण (सारख्या आवाजालाही तोच प्रतिसाद), मग विभेदन (दोन आवाजांतला फरक ओळखणं).
काकींचा मध्ये खाडा झाला होता का?

गडग्यावरची
झाला होता! नारळी पौर्णिमेला दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हॉर्नला सोनी उठली, गडग्यापर्यंत गेली, पण उडी नाही. तिथेच अंग चाटत बसली.

जुना मास्तर
हीच ती उत्स्फूर्त पुनर्प्राप्ती, म्हणजे खंडानंतर जुनं आपोआप परत येणं. जोर कमीच असतो. गणपतीनंतर मासे घ्याल तेव्हा बघा, पहिल्यांदा शिकायला लागले तेवढे दिवस लागायचे नाहीत.

गडग्यावरची
विसर्जनानंतर काल पेडवे घेतले. आज हॉर्न अजून वळणावर होता, तर ही गडग्यावर. सासूबाई म्हणाल्या, "रुसवो गेलो."