डावे विचारवंत नेमके पोचतात कुठं?

प्रश्न : पेपरवाला, सात रस्ता, सोलापूर
तीस वर्षं झाली पेपर टाकतोय. पहाटे चारला गठ्ठे सोडायचे, पुरवण्या घालायच्या, सातच्या आत लाईन संपवायची. परवा टपरीवर दोस्त म्हणाला, "सगळा मीडिया डाव्यांच्या खिशात आहे बे." माझ्याकडं एक डावं साप्ताहिक येतं. पाच अंक. दोन जातात, तीन रद्दीत. ते दोन गिऱ्हाईकही रिटायर झालेले. मग खिसा कुणाचा म्हणायचा?

उत्तर : माजी उपसंपादक
डाव्यांना जागा मिळते ती रविवारच्या पुरवणीत. पहिलं पान वेगळं. मार्च 2018 मध्ये किसान सभेचा, म्हणजे डाव्यांच्या शेतकरी संघटनेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला चालत निघाला, जवळजवळ 180 किलोमीटर. आमच्या डेस्कवर सुरुवातीचे दिवस दोन-तीन परिच्छेद, आतल्या पानात. मुंबई जवळ आली, रक्ताळलेल्या तळव्यांचे फोटो आले, तेव्हा मथळा मोठा झाला. वनजमिनीचा मुद्दा मात्र मीच कापला, जागा नव्हती म्हणून. माणसं छापली, म्हणणं राहिलं.

उत्तर : जुळे सोलापूर
एवढं रडू नका हो. पत्रकार पी. साईनाथ वर्षानुवर्षं 'द हिंदू'त ग्रामीण भागावर लिहीत होते, 2007 ला मॅगसेसेही मिळालं. याला जागा नाही म्हणायचं?

उत्तर : विडी कामगाराची लेक
ते इंग्रजीत होतं, दादा. 2014 ला त्यांनी 'पारी' ही ग्रामीण भागावरची वेबसाइट काढली, तिथं मराठीतही वाचायला मिळतं. पण आमच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात या. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, समोर तेलुगू सीरियल. मराठी चॅनेलवरची चर्चा, डावी असो की उजवी, तिच्यापर्यंत येतच नाही. तिला डावं म्हणजे आडम मास्तर, माकपचे कामगार नेते. त्यांचं भाषण ऐकायला ती हातातलं काम टाकून जायची, घरकुलाच्या मोर्चाला मलाही कडेवर न्यायची. कॅमेरे मी बघितले ते 19 जानेवारी 2024 ला, पंतप्रधान कुंभारीला रे नगर या कामगार वसाहतीतल्या घरांच्या चाव्या द्यायला आले तेव्हा.

पेपरवाला :
ताई, बरोबर बोललात. एक आठवलं. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंचं 'शिवाजी कोण होता?' मी स्टॉलवर ठेवायचो. 1988 चं पुस्तक, महिन्याला एखादं जायचं. 2015 च्या फेब्रुवारीत त्यांना गोळ्या घातल्या. त्या आठवड्यात माझ्याकडचे सगळे संपले, परत मागवावे लागले. पोरं यायची, नाव नीट माहीत नसायचं. "ते मारलं त्यांचं पुस्तक आहे का?" म्हणून विचारायची.