ब्रीडरला श्रद्धांजली कशाला, असं विचारणाऱ्यांना

माळरान
जतकडचे कारवानवाले काका, म्हणजे कारवान जातीच्या कुत्र्यांची पैदास करणारे, गेल्याची बातमी परवा या फोरमवर आली. तिच्याखाली एकाने लिहिलं, "कुत्री पैदा करून विकणाऱ्याला श्रद्धांजली कसली? रस्त्यावर पिल्लं मरताहेत आणि हे डॉग शोमध्ये कप मिळवत फिरत होते." उत्तर द्यायला गेले तर धागा बंद झालेला. म्हणून हा वेगळा.

कारवान सशामागे धावण्यासाठी घडलेलं कुत्रं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते काम गुन्हा ठरलं, आणि ठरायलाच हवं होतं. पण काम गेलं की जनावराची जात टिकवायचं कारणही जातं. कुत्रीला वाटेल ते कुत्रं लागतं, दोन-चार पिढ्यांत ती लांब मान, खोल छाती, वर ओढलेलं पोट सगळं पुसलं जातं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांचं नाव सगळे घेतात. त्यांनी शिकारी लोकांकडची याच घडणीची कुत्री पारखून पैदास केली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, मान्यच आहे. पण त्यांच्यामागे संस्थान होतं. काकांची जमीन कोरडवाहू.

त्यांची वही मी पाहिली आहे. दुकानात उधारीला असते तसली लाल, लांबट. प्रत्येक वेताला एक पान: आई कोण, बाप कोण, पिल्लांचे रंग, कुणाचा खालचा जबडा पुढे आलाय, कुणाला कोणतं पिल्लू दिलं. दातात खोट असलेलं पिल्लू पुढे पैदाशीला लावायचं नाही, अशा अटीवर फुकट देत. शोला जायचं तर रेल्वेत कुत्रं गार्डच्या डब्यातल्या पेटीत. मोठं स्टेशन आलं की काका पाण्याचं भांडं घेऊन मागे पळायचे. कप मिळवायची एवढीच हौस असती तर पॉमेरियन पाळून सुखात राहिले असते.

कोथरूडची मनी
लिहिलंय छान. पण रिंग, म्हणजे शोमध्ये कुत्र्यांचा बांधा पारखून नंबर देतात ती, जात टिकवते हे मला पटत नाही. रिंगनेच जर्मन शेफर्डची पाठ उतरती केली, पगचं नाक आत ढकललं. २००३च्या त्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर घरोघर पग आले, ते आजही उन्हाळ्यात धापा टाकताहेत. माझ्याकडची लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्री, एका ब्रीडरने वेतावर वेत घेऊन, पोट लोंबायला लागल्यावर हायवेला सोडलेली. घरात आणली तेव्हा कुणी हात उचलला की ती खाली बसायची. तुमचे काका देवमाणूस असतील, पण हा धंदा देवमाणसांचा नाही.

आणि एक विचारू? त्या बातमीतल्या फोटोत काकांच्या चॅम्पियनच्या बरगड्या मोजता येतात. उपाशी ठेवून कप?

मिरजेचा सतारवाला
आलं! हेच ऐकायचं राहिलं होतं. अहो ताई, कारवानच्या मागच्या बरगड्या दिसायलाच हव्यात. माझा कुत्रा घेऊन पुण्यात बहिणीकडे राहिलो होतो, सोसायटीतल्या एकाने "प्राण्याचा छळ" म्हणून तक्रार केली. चौकीवर डॉक्टरांचा कागद दाखवायला लागला. तो कुत्रा रोज माझ्यापेक्षा चांगलं जेवायचा.

कोथरूडची मनी
तक्रार करणाऱ्याला प्राण्याची काळजी होती, म्हणून केली. न विचारता गप्प बसणारे तुम्हाला आवडतील का?

मिरजेचा सतारवाला
विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही, थेट पोलीस. शहरात सगळ्यांना सगळं माहीत असतं!

खुरकुत
मी पशुवैद्य आहे, म्हणून मध्ये पडतो. या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी. तब्येत बघायची तर पाठीच्या दोन्ही बाजूंचे आणि मांडीचे स्नायू हाताने चाचपायचे, नुसत्या बरगड्यांवर जायचं नाही. मांडी भरलेली आणि बरगडी दिसते, तर कुत्रं ठीक. मांडी बसलेली असेल तर उपासमार किंवा जंत. चरबी कमी म्हणूनच काही औषधांची भूल यांच्यावरून उशिरा उतरते, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला जात सांगा. लॅबच्या मापाने याला खाऊ घालून सांधे बिघडवणारे मालक मला जास्त भेटतात.

पण मनीताईंचंही एक खरं आहे. २०१७च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची नोंदणी हवी, ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, एका कुत्रीचे आयुष्यात ५ पेक्षा जास्त वेत घ्यायचे नाहीत. माझ्या टेबलावर येणाऱ्या कुत्र्या पाहिल्या की हे किती जण पाळतात ते कळतं.

कोथरूडची मनी
बरं, बरगड्यांचं मागे घेते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, सतारवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून नाही.

बिरोबाचा बाळू
सगळं वाचलं. काकांनी जात वाचवली, राजांनी जात वाचवली. आणि आमच्या आज्याने? मेंढरं घेऊन निम्मं वरीस रानात. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, दोन कारवानी कायम. भाकरी त्यांना आधी, मग पोरांना. कुत्री माजावर आली की आज्या तिला घोंगडीशेजारी बांधून रात्रभर जागायचा, भलतं कुत्रं लागू नये म्हणून. कागद नाही, कप नाही. आता कुणी गाडी घेऊन येतो, पिल्लू उचलून नेतो, आणि त्याच पिल्लावर "अमुक केनेल" असं नाव लागतं. आम्हाला श्रद्धांजली कोण वाहतो?

माळरान
बाळूदादा, तुमचा राग रास्त आहे, केनेलवाल्यांनी तो ऐकायलाच हवा. पण काकांवर तो काढू नका. त्या वहीची पहिली पानं वाड्यांच्या नावांनीच भरली आहेत: कुठल्या वाड्यावरून, कुणाच्या हातून कुत्री आणली, बदल्यात काय दिलं. एका ठिकाणी "एक शेळी आणि बाजरीचं पोतं" असं लिहिलंय.

बिरोबाचा बाळू
नावं लिहिली असतील तर माणूस वेगळा म्हणायचा. वही बघितल्याशिवाय जास्त काही बोलणार नाही.

कोथरूडची मनी
मी अजून म्हणते, अशी एक वही दाखवून बाकीच्या शंभर जणांचे गुन्हे झाकू नका. काकांना मात्र माझाही नमस्कार.

माळरान
एवढं पुरे. आता कामाचं. काकांच्या घरी दोन कुत्र्या आणि एक म्हातारा नर उरलाय. मुलगा नोकरीला बाहेरगावी, काकूंना एकटीला झेपत नाही. मोकळं रान आणि वेळ असेल त्यांनीच मला निरोप करावा. फ्लॅटवाल्यांनी नको.

कोथरूडची मनी
फ्लॅटवाल्यांनी नको म्हणजे? म्हाताऱ्या नराला रान कशाला लागतं? त्याला औषधं आणि गादी लागते. आणि नव्या धन्याने वही पुढे चालवली नाही तर काय, ते आधी सांगा.

बिरोबाचा बाळू
कुत्र्या मी बघायला येतो. रविवारी. वही काढून ठेवा.