जुन्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग पावसात जड होतंय, कॉलम बदलायचा का? सल्ला हवा

चारकोपकर

नमस्कार मंडळी. आमची २०११ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८,००० किलोमीटर झालेत. स्टेअरिंग इलेक्ट्रिक पॉवरचं, म्हणजे तेलाची भानगड नाही. जुलैपासून त्रास सुरू झाला. सकाळी सोसायटीतून गाडी काढताना पहिल्याच वळणाला स्टेअरिंग एकदम दगड होतं आणि मीटरमध्ये स्टेअरिंगचा पिवळा दिवा लागतो. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं सुरळीत. कधी दोन दिवस काही होत नाही, कधी एका फेरीत तीनदा होतं. पाऊस असला की जास्त, असा माझा अंदाज आहे.

गाडी मुख्यतः बाबा चालवतात. ते ६९ वर्षांचे आहेत आणि आठवड्यातून दोनदा आईला फिजिओथेरपीला घेऊन जातात. परवा लिंक रोडवर यू टर्न घेताना स्टेअरिंग मध्येच जड झालं. बाबांनी सगळा जोर लावून गाडी कशीबशी कडेला घेतली, मागून बस येत होती. त्या दिवसापासून मी गाडीची चावी माझ्याकडे ठेवली आहे.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पूर्ण कॉलम, म्हणजे मोटरसकट स्टेअरिंगचा दांडा, बदला, ४२,००० रुपये. नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणतो स्टेअरिंग बॉक्स गेलाय. गाडी विकायला काढली तर लाखभर येतील. पुढच्या नोव्हेंबरमध्ये १५ वर्षं पूर्ण होतील, तेव्हा आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल, त्याचा खर्च वेगळा. एवढे पैसे घालावेत का? जुना कॉलम मिळतो का? आणि पश्चिम उपनगरात हे काम खरंच समजणारा माणूस कसा ओळखायचा?

चेंबूरचा

जुना कॉलम कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल. अशा जुन्या गाड्या तिथे पुष्कळ सुट्या केल्या जातात. पण एक अट. तुमच्या कॉलमवरचा आणि त्याच्या कंट्रोल युनिटवरचा पार्ट नंबर फोटो काढून न्या आणि अक्षर न् अक्षर जुळवा. दिसायला सारखा असून नंबर वेगळा असेल तर घेऊ नका. आणि चेकिंग वॉरंटी, म्हणजे लावून बघितल्यावर चालला नाही तर परत घेण्याची हमी, लिहून घ्या, तोंडी नको.

मल्टिमीटर

चारकोपकर, कॉलमचे पैसे अजून कुणालाही देऊ नका. मी २६ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलंय. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत एक गोष्ट मला लगेच खटकली: इंजिन बंद करून चालू केलं की ठीक होतं, आणि जागच्या जागी किंवा अगदी हळू वळताना होतं.

त्याचं कारण आधी समजून घ्या, म्हणजे गॅरेजमध्ये तुम्हाला कुणी फिरवणार नाही. तुमच्या गाडीत स्टेअरिंगच्या दांड्यावरच, डॅशबोर्डच्या खाली, एक मोटर बसवलेली आहे. तुम्ही चाक फिरवलं की आतली एक बारीक दांडी किंचित पिळवटते. ती किती पिळवटली हे टॉर्क सेन्सर मोजतो आणि कंट्रोल युनिट त्या प्रमाणात मोटरला करंट देतं. गाडी जितकी हळू, तितकी मदत जास्त. पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना ही मोटर ४० अँपिअर आणि त्याहूनही जास्त खेचते. हायवेवर तिला फारसं काम नसतं. म्हणून ज्या गाडीचं स्टेअरिंग हायवेवर गप्प असतं आणि गल्लीत रुसतं, तिथे पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यायचा. सेन्सरचा विचार त्यानंतर.

आता गणित बघा. ४० अँपिअर जाणाऱ्या वायरच्या टोकाला गंज चढून फक्त ०.०५ ओहमचा अडथळा झाला, तरी तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात. पावसात एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू, इंजिन आयडलवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आधीच दमलेला. त्यात हे २ व्होल्ट गेले की युनिटपर्यंत १० व्होल्टच्या आसपासच पोचतात. मग युनिट मोटर सोडून देतं आणि दिवा लावतं. बंद करून चालू केलं की पुन्हा नव्याने तपासतं, त्या क्षणी भार नसतो, म्हणून सगळं ठीक दिसतं.

आणि इथेच भले भले फसतात. मल्टिमीटर बीपवर लावून वायर तपासली तर ती बीप देणारच. ०.०५ ओहम त्याला कळत नाही. एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते. तपासायचं ते भाराखाली, व्होल्टमध्ये.

असं करा. सकाळी गाडी चालू करण्यापूर्वी बॅटरीवर व्होल्ट मोजा, १२.४ ते १२.६ हवेत. इंजिन चालू करून मोजा, १३.८ ते १४.४ हवेत. आता हेडलाइट, एसी, ब्लोअर चालू करा आणि घरच्या कुणाला तरी उभ्या गाडीत स्टेअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगा. शेवटच्या टोकाला दाबून धरू नका, मोटर तापते आणि मग मदत आपोआप कमी होते, तो बिघाड नव्हे. फिरत असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी डॅशबोर्डखाली स्टेअरिंग युनिटची काळी अर्थ वायर (करंट बॉडीवरून बॅटरीकडे परत नेणारी) जिथे बॉडीला बोल्टने लावलेली असते तिथे. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त दिसलं तर चोर सापडला. तसंच पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीपासून युनिटच्या जाड वायरपर्यंत. मध्ये बॉनेटखालच्या डब्यातला मोठा फ्यूज येतो, त्याचे पाय काळे पडलेत का ते बघा. फ्यूज जळालेला नसतो, नुसता सैल किंवा करपलेला असतो.

सेल्फ खणखणीत लागतो म्हणून अर्थिंग चांगलं आहे असं धरू नका. स्टार्टरची अर्थ इंजिनाला वेगळी जाते. स्टेअरिंगची बॉडीवरून येते.

एक सावधगिरी. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका, मल्टिमीटर तर मुळीच नाही. आणि कोणतीही वायर सुईने टोचून मोजू नका, कनेक्टरच्या मागच्या बाजूने पिन घाला. टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात वायर आतून सडते.

पार्लेकरीण

मल्टिमीटर काका, किती नीट समजावलंत! मला आपल्या प्रश्नात एक भर घालायची आहे. चारकोपकर, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा, ओला आहे का. आमची गाडी वर्षानुवर्षं विलायती शिरीषाखाली उभी असायची. त्याची बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून आत गेली, पाणी जायचं भोक बुजलं आणि पावसाचं पाणी ब्लोअरच्या बाजूने थेट गाडीत. वरचं कार्पेट कोरडं, खालचा फोम चिंब. आम्हाला दोन पावसाळे कळलंच नाही, नुसता कुबट वास यायचा. गाडी कधी तुंबलेल्या पाण्यातून गेली नव्हती, म्हणून पाण्याचा संशयही आला नाही.

मुलुंडकर

माझा अनुभव उलटा आहे, तोही सांगतो, कारण प्रत्येक वेळी अर्थिंगच असतं असं नाही. माझ्या २००९च्या गाडीत टॉर्क सेन्सरच गेला होता. लक्षण वेगळं होतं: पूर्व द्रुतगती मार्गावर ऐरोलीच्या वळणाआधी स्टेअरिंग स्वतःहून उजवीकडे ओढायला लागलं. ताशी ६० ला. आयुष्यात तेवढा घाबरलो नव्हतो. असं ज्यांच्या गाडीत होईल त्यांनी गाडी उभी करून स्टेअरिंगचा फ्यूज काढून टाकावा आणि जड स्टेअरिंगने, हळू, जवळच्या गॅरेजपर्यंत जावं किंवा टो करावी. स्टेअरिंगची चाकाशी जोड लोखंडी असते, त्यामुळे मोटर बंद असली तरी गाडी वळते, फक्त जोर लागतो. पण चुकीची मदत करणारी मोटर ही मदत न करणाऱ्या मोटरपेक्षा फार वाईट.

गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड स्कॅनरने वाचून घ्या. दोन हजारवाला ब्लूटूथ स्कॅनर चालणार नाही, तो बहुधा इंजिनाचे 'पी'ने सुरू होणारेच कोड दाखवतो. स्टेअरिंगचे कोड 'सी'चे असतात, त्यासाठी स्टेअरिंग युनिटशी बोलणारा स्कॅनर लागतो. गॅरेजवाल्याला फोनवरच विचारा, "स्टेअरिंगच्या मोड्यूलमध्ये जाता येतं का?" अडखळला तर पुढचा बघा.

आणि कॉलम काढायचाच झाला तर घाईचा माणूस नको. माझ्या पहिल्या मेकॅनिकने बॅटरी न सोडताच स्टेअरिंग उघडलं, आणि चाक काढल्यावर आतली गुंडाळलेली पट्टी, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगला जोडणारी स्पायरल केबल, फिरू दिली. जोडल्यावर तिसऱ्या वळणाला ती तुटली. हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू, नवा खर्च. बॅटरी सोडून काही मिनिटं थांबायचं, चाकं सरळ करायची, ती केबल टेप लावून जागच्या जागी बांधायची आणि मगच पुढचं. जुना कॉलम बसवल्यावर स्कॅनरने सेन्सरचा शून्य बिंदू सेट करावा लागतो. तो केला नाही तर गाडी एका बाजूला हलकी आणि दुसऱ्या बाजूला जड लागते. मी हे सगळं दोनदा भरलंय.

चेंबूरचा

मुलुंडकर म्हणतात ते बरोबर. मी आधी थेट कॉलम सुचवला, तो घाईचा सल्ला होता. आधी व्होल्ट मोजा.

चारकोपकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळी भाऊ आणि मी दोघांनी मोजमाप केलं. आकडे देतो.

इंजिन बंद १२.५. चालू १४.१. सगळं चालू करून स्टेअरिंग फिरवताना बॅटरीवर १३.२. पण त्याच वेळी युनिटच्या कनेक्टरवर फक्त १०.६! बॅटरी निगेटिव्ह ते डॅशबोर्डखालचा अर्थ बोल्ट मोजलं तर २.२ व्होल्ट. पॉझिटिव्हच्या बाजूला ०.४. आणि स्टेअरिंग फिरवलं की हेडलाइटही मंद होत होता. हे आजवर रोज समोरच्या भिंतीवर दिसत असणार, कुणाच्या लक्षात आलं नाही.

पार्लेकरीण ताई, कार्पेटखालचा फोम खरंच ओला निघाला. हाताने दाबल्यावर पाणी आलं.

आता हे आम्ही स्वतः साफ करू शकतो का?

मल्टिमीटर

करू शकता. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा, लावताना शेवटी लावा. बॅटरी ट्रेच्या खाली एक छोटी वायर निगेटिव्हवरून बॉडीला जाते, मला तिचाच जास्त संशय आहे, कारण बॅटरीचं आम्ल आणि पाणी दोन्ही तिथेच उतरतं. बोल्ट काढा, थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) आणि बॉडीचा पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. थिंबलमध्ये शिरणारी तार हिरवी किंवा पांढरी भुकटी झालेली असेल तर घासत बसू नका, तेवढ्याच किंवा जास्त जाडीची नवी वायर दाबयंत्राने थिंबल लावून घ्या. नुसता पक्कडने चेपलेला थिंबल सहा महिन्यांत पुन्हा सैल होतो. घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, आवळण्याआधी आत नाही. डॅशबोर्डखालच्या बोल्टलाही हेच. मोठ्या फ्यूजचे पाय आणि पकड पण साफ करा, तुमचे ०.४ बहुतेक तिथे आहेत.

युनिटचा कनेक्टर काढून आत हिरवट दिसतंय का तेही बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या. लॅमिंग्टन रोडवर चांगला मिळतो.

चारकोपकर

आज आठवा दिवस, म्हणून लिहितो. ट्रेखालची वायर थिंबलपाशी अक्षरशः चार तारांवर लटकत होती. कांदिवलीतल्याच एका वयस्कर वायरिंगवाल्यांकडून नवी करून घेतली. त्यांनी आमचे आकडे लिहिलेला कागद वाचला, दुसरा प्रश्न न विचारता थेट बॅटरी बाहेर काढली, आणि काम झाल्यावर स्वतःहून पुन्हा मोजून दाखवलं: ०.१. वायर, साफसफाई, सगळे मिळून ६५० रुपये घेतले. कोडही वाचून घेतला. पुरवठ्याचा व्होल्टेज कमी, एवढा एकच कोड होता, सेन्सरचा एकही नव्हता. तोच कोड सर्व्हिस सेंटरलाही दिसला असेल. तरी त्यांनी कॉलम सांगितला, याचं वाईट वाटलं.

आठ दिवसांत दोनदा मुसळधार पाऊस झाला. दिवा एकदाही लागला नाही. फक्त स्टेअरिंग अजून थोडं जड वाटतं, दिवा नसताना. याचं काय?

मुलुंडकर

दिवा नाही आणि जड आहे, म्हणजे आता यांत्रिक बाजू बघा. आधी टायरची हवा. मग खालचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा वळणारा सांधा, पाणी लागून तो गंजतो आणि चाक वळवून सोडल्यावर नीट परत येत नाही.

चारकोपकर

हवा २२ होती! दारावरच्या पट्टीप्रमाणे भरली, बराच फरक पडला. जॉइंट पुढच्या सर्व्हिसिंगला बघून घेतो. कार्पेट काढून गच्चीत वाळत घातलंय. वायपरखालची जाळी काढली तर आत गुलमोहराच्या पानांचा ओला गोळा होता, दोन मुठी भरतील एवढा.

काल बाबांना शेजारी बसवून नाही, त्यांनाच चालवायला देऊन मी शेजारी बसलो. त्याच यू टर्नवर गेलो. एका हाताने वळवली. चावी परत त्यांच्याकडे दिली आहे.

पार्लेकरीण

वाचून फार बरं वाटलं. फोम पूर्ण वाळल्याशिवाय कार्पेट बसवू नका हं, पावसाळ्यात चार दिवस तरी लागतात. आम्ही घाई केली होती, तर खालचा पत्रा गंजला.