मदत हवी आहे: डायजेस्टरमध्ये बेंझोएट साचतंय

३७ अंश सेल्सिअस, पूर्ण ढवळणारा बायोगॅस डायजेस्टर (कचरा हवेविना कुजवून मिथेन देणारी टाकी), धारणकाल (माल आत राहण्याचा सरासरी काळ) २० दिवस. भाजीपाल्याच्या कचऱ्यात फिनॉलयुक्त सांडपाणी मिसळल्यापासून मिथेन घटतंय. आत फिनॉल लिटरला ४०० मिलिग्रॅम, बेंझोएटही (फिनॉल फुटताना मधे बनणारा पदार्थ) चढतंय. सामू ७.२, अमोनिया कमी. सूक्ष्मजीवांना लागणारं निकेल-कोबाल्ट देऊन झालं. भरणा निम्मा केला तरी बेंझोएट उतरत नाही.

अ‍ॅसिटेट (पुढच्या टप्प्यात ज्यापासून मिथेन बनतं ते) मात्र साचत नाही, म्हणून ते वापरणारे मिथेनजनक (मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव) शाबूत असावेत. माझा संशय बेंझोएट फोडणाऱ्या सहपोषी (हायड्रोजन खाणाऱ्या जोडीदारांवर अवलंबून असलेल्या) जिवाणूंवर आहे: हायड्रोजन अगदी कमी असेल तरच त्यांचं भागतं, वाढही फार सावकाश, त्यामुळे गाळाबरोबर वाहून जात असतील. तापमान बदलता येणार नाही, माग काढायला किरणोत्सारी फिनॉल वापरायची सोय नाही.

दाणेदार सक्रिय कार्बन घालायचा विचार आहे. पण फिनॉल नुसतं कार्बनला चिकटलं की खरंच पचलं, हे कोणत्या नियंत्रण-चाचण्यांनी वेगळं काढता?