सातवीपर्यंत शिकलेल्या काकूंना इंग्रजी कसे शिकवावे?

प्रश्न: शेजारच्या काकू घरगुती डबे पुरवतात. वय ५२, शिक्षण मराठी माध्यमात सातवीपर्यंत. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून असल्याने जेमतेम तीन वर्षांची ओळख. गिऱ्हाइकांचे इंग्रजी निरोप त्यांना स्वतः वाचायचे आहेत. दोन महिने मी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवले, परंतु 'अ' आणि 'द' कुठे लावायचे यावर त्या अडतात आणि वही मिटून ठेवतात. काय बदलावे?

प्रतिसाद १: मराठीत अशी उपपदे नाहीतच, त्यामुळे ती चूक दीर्घकाळ राहणार आणि तूर्त राहू द्यावी. पुस्तक बाजूला ठेवून काकूंच्याच फोनवरील दहा निरोप मोठ्या अक्षरांत वहीत उतरवून घ्यावेत. 'नो टिफिन टुमारो' एवढे वाचता आले, तरी दुसऱ्या दिवशीचा एक डबा वाया जात नाही, आणि हा लाभ त्यांना लगेच दिसतो.

प्रतिसाद २: वरील मताशी सहमत आहे. उत्तर लिहिण्याची वेळ आली की मात्र शब्दक्रम आडवा येईल, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी असते. मी 'आय', 'सेंड', 'टू', 'टिफिन्स' अशा चिठ्ठ्या करून ओट्यावर मांडत असे. माझ्या विद्यार्थिनीने 'सेंड' नेहमीप्रमाणे शेवटी ठेवला, क्षणभर पाहिले आणि स्वतःच उचलून 'आय'शेजारी सरकवला. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांच्या उच्चारभेदात मात्र शिरू नये; आपल्यापैकी कितीजण तो पाळतात?

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आज 'लेस ऑइल' त्यांनी माझ्याआधी वाचले, आणि त्या गिऱ्हाइकावर थोड्या रागावल्याही.