फार्मव्हिल आणि स्टारड्यूला एका मापाने मोजू नका

'शेतीचे सगळे गेम एकाच माळेचे मणी, नुसता वेळकाढूपणा' हे मत पटलं नाही. २००९ साली आलेल्या फार्मव्हिल या फेसबुकवरच्या गेममध्ये स्ट्रॉबेरी ४ तासांत तयार व्हायची आणि वेळेत काढली नाही तर वाळून जायची. घड्याळ खऱ्या जगातलं, त्यामुळे माणसं जेवण अर्धवट टाकून पीक काढायला पळायची. एरिक बॅरोनने एकट्याने बनवलेल्या स्टारड्यू व्हॅलीत (२०१६) गेम बंद केला की वेळही थांबते. २८ दिवसांचा ऋतू, रोज झारीने पाणी, पाऊस आला की त्या दिवशी सुटका, आणि बुजगावणं नसेल तर कावळे पीक खातात. दिवसभराच्या कामानंतर तिथे पेरलेलं उगवताना बघून खरंच बरं वाटतं.

स्टारड्यूला मर्यादा आहे, आणि ती मोठी आहे. पार्सनिप (गाजरासारखं कंदमूळ) एक विका की शंभर, मूळ दर गेममधली ३५ नाणीच. भाव पडणं हा प्रकारच नाही, कर्जाचा हप्ता नाही. आवक वाढली म्हणून कांदा मातीमोल विकावा लागलेला ज्यांनी घरात पाहिलाय, त्यांना ही शेती अर्धीच वाटणार. त्यांनी फार्मिंग सिम्युलेटर हा गेम बघावा, तिथे निदान विक्रीच्या ठिकाणानुसार दर बदलतात.