स्क्रोल सॉ घेतला खरा, पण ब्लेड उजवीकडेच पळतंय! जाणकारांनो या

मुग्धा_नाशिक

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. लाकडाच्या जाळीकामाचं वेड जुनंच, कुठे जुना वाडा दिसला की मी माणसं सोडून आधी तिथल्या महिरपी बघत बसते. तर यंदा बोनसमधून सोळा इंची स्क्रोल सॉ (जाळीकाम कापायची, बारीक ब्लेडची मेजावरची विजेची करवत) घेतला. दुकानदार आधी हातात धरायची जिगसॉच पुढे करत होता, "मॅडम तेच ते". अहो तेच ते कसं, तिच्यात मशीन लाकडावर फिरवायचं आणि ह्याच्यात लाकूड मशीनवर!

आता रडगाणं. रेषेवर कितीही सरळ ढकललं तरी ब्लेड उजवीकडेच जातं. ब्लेडं फटाफट तुटतात. फर्निचरवाल्याकडून सागाचे तुकडे आणलेत ते वळणावर काळे पडतात आणि जळकट वास येतो. त्यात फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, मशीन गॅलरीत, खालच्या काकूंनी "काय गं, पिठाची गिरणी टाकलीस का" विचारून झालंय. आणि आमचे दीर म्हणतात हे सगळं लेझरवाला पाच मिनिटांत करून देतो, तू कशाला डोळे फोडतेस.

आईबाबांच्या घराला "निवांत" अशी पाटी करायचीय, देवनागरीतच. जमेल ना हो मला हे? की हात मुळात स्थिर नसतील तर नादच सोडावा?

---

रंधामास्तर

ताई, हात सोडा आणि ब्लेडकडे बघा. ब्लेड बनवताना दात पाडतात त्यात एका बाजूला बारीकशी धस राहते, बोटाला कळतही नाही, पण ती बाजू जास्त कापते म्हणून ब्लेड तिकडे ओढ घेतं आणि बहुतेक ब्लेडं उजवीकडेच ओढतात. टूलरूममध्ये आयुष्य गेलं माझं, तिथे सरळ ढकललं की सरळच कापतं, त्यामुळे सुरुवातीला मलाही वैताग यायचा. उपाय सोपा आहे. भंगार तुकड्यावर सरळ रेघ मारा आणि लाकूड ढकलताना त्याची आपल्याकडची बाजू किंचित उजवीकडे वळवा, चार-पाच अंश फार झाले, रेघ आपोआप सापडते. दर ब्लेडचा कोन जरा वेगळा. नंतर हाताला सवय होते, विचार करावा लागत नाही.

तुटण्याचं कारण नव्वद टक्के ताण. ढिलं ब्लेड वाकतं, वाकलं की पोट काढतं आणि तुटतं. बोटाने छेडून बघा, ठण्ण असा बारीक वरचा सूर आला पाहिजे, भदभद आवाज आला तर आवळा. बाजूने दाबलं तर सूतभरही हलता कामा नये. दुसरं म्हणजे नव्या ब्लेडला तेल लावलेलं असतं, टोकं स्पिरिटने पुसून पॉलिश पेपरवर एकदा घासा नाहीतर चिमट्यातून निसटतं आणि आपल्याला वाटतं तुटलं.

आणि मेज काटकोनात आहे का ते बघा, मशीनच्या आकड्यावर विसंबू नका. जाड तुकड्याला समोरून जरासा काप घ्या, मशीन बंद करा, तुकडा फिरवून तोच काप ब्लेडच्या पाठीमागून बसवा. अलगद बसला तर काटकोन आहे, अडला तर नाही. गुण्या बिण्याची गरज नाही.

---

गॅलरीसुतार

डोंबिवलीहून नमस्कार, मीही तिसरा मजलाच 😄

आवाज मोटरचा कमी असतो हो, थरथर जास्त असते आणि ती स्लॅबमधून खाली जाते. मशीन आधी पाऊण इंची प्लायच्या मोठ्या तुकड्याला बोल्टने घट्ट बसवा, त्याखाली जुनी योगा मॅट दुमडून घाला किंवा जाड रबर, आणि प्लॅस्टिकच्या टेबलावर तर अजिबात ठेवू नका. वेग पण कमी करा, नवशिके सगळे फुल्ल स्पीडवर मारतात. कमी वेगात आवाजही कमी, जळणंही कमी, वळणंही नीट. दुपारी १ ते ४ मशीन बंद ठेवतो असं खालच्यांना आपणहून सांगून टाका आणि पहिला कीचेन त्यांच्या नातवाच्या नावाचा करा. आमच्याकडे आता खालचे काकाच विचारतात आज मशीन लावलं नाही का म्हणून.

मास्क लावा मात्र, साधा कापडी नको, एन ९५. ह्या मशीनचा भुसा पिठासारखा असतो, दिसत नाही पण छातीत जातो, आणि एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) कापत असाल तर त्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो. फुंकर मारणारी नळी असते ना मशीनला ती फक्त रेघ दिसावी म्हणून आहे, भुसा ती आपल्याच तोंडावर उडवते. मी व्हॅक्यूमचा पाइप मेजाखाली बांधलाय.

जळकट डागांसाठी एक युक्ती, नक्षीच्या कागदावरून रुंद पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवा. कागद चिकटवायच्या आधी खाली मास्किंग टेप, त्यावर ग्लू स्टिकने कागद, आणि सगळ्यात वर पॅकिंग टेप. टेपवरच्या थराने ब्लेडला वंगण मिळतं म्हणतात, खरंखोटं देव जाणे पण डाग पडत नाहीत हे खरं, आणि काम झालं की सगळं एका झटक्यात सोलून निघतं, लाकडाला चिकट राहत नाही.

---

सोनारआळी

ब्लेडबद्दल थोडं. तुमच्या मशीनबरोबर आलेली ब्लेडं पिनवाली असतील, टोकाला आडवी काडी. ती विसरा. ती ओवायला चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं, मग अक्षराच्या आतली नाजूक जागा कशी कापणार? बिनपिनेची घ्या, सव्वा मिलिमीटरच्या भोकातून जातात, मशीनबरोबर त्यासाठीचे चिमटे मिळतात बहुतेक. मापाचं म्हणाल तर आकडा जेवढा मोठा तेवढं ब्लेड जाड. दोन सुती (पाव इंची) प्लायला २ किंवा ३ नंबर, पाऊण इंची लाकडाला ५ ते ७. रिव्हर्स दातवाली मिळाली तर तीच घ्या, खालचे काही दात उलटे असतात त्यामुळे खालच्या बाजूला चिरफाळ्या निघत नाहीत. गोल पिळाची ब्लेडं मिळतात, चारही बाजूंनी कापणारी, तिच्या मोहात एवढ्यात पडू नका, सरळ रेघ मारताना नाकी नऊ आणते.

आमचा सोनारकीचा धंदा, आमच्या हातकरवतीची पाती १३० मिमी आणि स्क्रोल सॉची १२७, त्यामुळे ती ह्या मशीनला बसतात! पण ती धातूसाठी, दात फार बारीक, लाकडात भुशाने बुजतात. पातळ विनियर किंवा पितळी पत्रा कापून लाकडात बसवायचा असेल तर झक्कास.

आणि तुटलं म्हणून जीव जाळू नका. ब्लेड म्हणजे उदबत्ती, जळून संपणारच. डझनावारी आणायची. कापताना जोर लावावा लागतोय असं वाटलं की ते बोथट झालं, काढून टाका. काटकसर म्हणून तेच रेटत बसलं की जळतं, रेघ सुटते आणि शेवटी तुटतंच.

---

पाचमिनिटवाला

राग मानू नका पण तुमच्या दिरांचं बरोबर आहे. आमच्याकडे लेझर आहे, "निवांत" पाटी ३ मिमी एमडीएफमध्ये चहा होईपर्यंत तयार. हौस ठीक आहे पण वेळेची किंमत?

---

गॅलरीसुतार

@पाचमिनिटवाला साहेब, आम्ही वेळ वाचवायला बसतच नाही इथे 😂 शंभर लग्नपत्रिका करायच्या असतील तर मीच तुमच्याकडे येईन. पण तुमच्या लेझरच्या कडा काळ्या येतात, आणि इंचभर जाडीचा शिवणीच्या लाकडाचा तुकडा तुमच्या मशीनवर जळेल, माझ्याकडे सरळ कापून निघेल. मेज तिरकं करून एकाच फळीतून एकात एक बसणाऱ्या रिंगा कापून त्यांचा वाडगा करतात, तो करून दाखवा लेझरवर.

---

पाचमिनिटवाला

वाडग्याचा फोटो टाका, मग बोलू. (खरंच टाका, बघायचंय.)

---

मुग्धा_नाशिक

बापरे, एवढे प्रतिसाद! रंधामास्तर काका, ती उजवीकडे वळवायची युक्ती आत्ताच करून बघितली, खरंच रेघेवर चाललं, मी घरात ओरडलेच. आता अक्षरांचं सांगा ना कोणीतरी. नेटवर सगळ्या नक्ष्या इंग्रजी नावांच्या, देवनागरीचं कुठे काही सापडत नाही.

---

अक्षरवेडा

माझा प्रांत आला! देवनागरीसारखी लिपी नाही ह्या कामाला. इंग्रजी अक्षरं कापली की सुटी सुटी, प्रत्येक अक्षर पाटीवर मोजून चिकटवा. आपल्याकडे शिरोरेषा सगळं धरून ठेवते, अख्खं नाव एका तुकड्यात निघतं आणि वरून टांगताही येतं. शिरोरेषा फक्त जरा जाड ठेवा, फॉन्टमध्ये असते त्याच्या दीडपट तरी.

आता गोची कुठे होते ते बघा. व, ब, क, प, म ह्यांच्या पोटातली जागा आधी कापायची, म्हणजे भोक पाडा, ब्लेड वरून सोडवा, भोकातून ओवा, परत आवळा. बाहेरची कड सगळ्यात शेवटी, कारण तोवर धरायला लाकूड हातात पाहिजे. ध, भ, थ ही त्रासदायक मंडळी, त्यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते त्यामुळे आधीच्या अक्षरापासून नाव सुटं होतं. तिथे खालच्या बाजूने अक्षरं एकमेकांना जरा टेकवायची, पण भ चा म होणार नाही एवढं बघायचं. माझ्या ओळखीत एका देवधरांच्या पाटीचं "देवघर" होता होता राहिलंय.

तुमच्या "निवांत" मध्ये ध भ थ नाहीत, नशीब काढलंत. पण अनुस्वार आहे. टिंब हवेत तरंगतं, कापलं की टुणकन कुठेतरी उडतं आणि भुशात सापडत नाही. एकतर टिंब खाली ओढून शिरोरेषेला टेकवा, साधारण दोन मिलिमीटर जोड पुरतो, लांबून वेगळंच दिसतं. नाहीतर मागे दुसरी पातळ फळी लावणार असाल तर टिंब वेगळं चिकटवा, तेही गडद लाकडाचं केलंत तर अजून छान, कुंकवासारखं उठून दिसतं.

आणि लाकडाचे रेषे! भरीव लाकूड घेतलंत तर रेषे शिरोरेषेच्या दिशेने आडवे ठेवावे लागतात, नाहीतर शिरोरेषाच मधून मोडेल. पण मग काना आणि अक्षरांचे उभे दांडे रेष्यांना आडवे पडतात, ते बारीक ठेवले की कटकन तुटतात. म्हणून पहिली पाटी सरळ प्लायमध्ये करा. प्लायचे थर एकाआड एक उलटसुलट असतात, ही भानगडच नाही.

---

तळकोकणी

सागाचं तेवढं बाजूला ठेवा ताई. साग आम्हाला देवासारखा, पण त्यात वाळूसारखा सिलिका असतो, ब्लेडची धार खातो, आणि अंगचं तेल असतं म्हणून फेव्हिकॉलही नीट धरत नाही, स्पिरिटने पुसून मग चिकटवावं लागतं. शिकायला शिवण घ्या. हलकी, फिकट, वाकत नाही, ब्लेड लोण्यातून जातं. हळदू मिळाला तर अक्षरांना उत्तम, रेषे इतके बारीक की कड घासावीच लागत नाही. आंबा स्वस्त पण नीट वाळलेला बघून घ्या. प्लाय घेताना काठ बघा, आत पोकळ्या असल्या की नेमकं नाजूक जागी भोक निघतं. बर्च प्लाय महाग पडतो पण एकदा वापरला की दुसरा नको वाटतो.

आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत पूर्वी खेळणी आणि लाकडी फळं पांगाऱ्याची करायचे, एकदम हलकं लाकूड. कधी आलात तर नुसतं दुकानात बघून परत फिरू नका, कोणाला तरी "जरा काम बघू का" विचारा. रंग चढवायच्या आधी जमीन (रंगाखालचा थर) कशी तयार करतात ते बघण्यासारखं असतं.

आणि गणपतीत एक जाळीचं मखर करून बघा. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमच्या वाडीत लाकडी मखराला भलतीच मागणी. तीन मिमी प्लायची तीन-चार पानं एकावर एक टेपने बांधायची आणि एकदाच कापायची, चारी बाजूच्या जाळ्या तंतोतंत सारख्या.

---

ओहायोतला_जोशी

वाखूसा (वाचनखूण साठवली)! इकडे हिवाळ्यात गॅरेजमध्ये आमचं हेच चालू असतं. इथल्या हौशी क्लबात बहुतेक सगळे सत्तरीचे आजोबा, त्यांतल्या एकांचे हात चांगलेच थरथरतात, तरी त्यांच्या जाळ्या बघितल्यात तर थक्क व्हाल. ते म्हणतात लाकूड मेजावर टेकलेलं असतं, बोटं लाकडावर टेकलेली असतात, मग थरथरायला जागाच कुठे उरते. तेव्हा मुग्धाताई, स्थिर हातांची काळजी सोडा. दिवा मात्र बाजूने येणारा आणि भिंग असलेला घ्या, आणि पायाचा स्विच लावा, दोन्ही हात लाकडावर राहतात.

इकडून कोणाकडून मशीन मागवायचा विचार असेल तर एक सूचना. इथली ११० ते १२० व्होल्टची असतात, थेट लावलंत तर पहिल्या मिनिटात धूर. दमदार ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तेवढ्या किमतीत तिकडेच चांगलं मशीन येतं. ब्लेडं मात्र आणण्यासारखी, वजन काहीच नाही. डिसेंबरात पुण्यात येतोय, कोणाला हवी असतील तर आकडे सांगून ठेवा.

---

सोनारआळी

@ओहायोतला_जोशी २ आणि ५ नंबर रिव्हर्स, प्रत्येकी दोन डझन, लिहून घ्या 🙏

---

मुग्धा_नाशिक

पॉलिशचं राहिलंच की. आईबाबांची पाटी दाराबाहेर, पावसाचे शिंतोडे येतात. चपडी (लाखेचं पॉलिश) चालेल का?

---

रंधामास्तर

चपडी बाहेर नको, पाण्याने पांढरी पडते. बाहेरच्या पाटीला पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन-तीन हात, आणि जाळीच्या आतल्या कडांना ब्रश पोचत नाही म्हणून पहिला हात पातळ करून पाटी त्यात बुडवूनच काढा, टांगून निथळू द्या. आतली वस्तू असेल तर बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) लावा, रंग सुरेख उघडतो. फक्त बेलतेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. पसरून वाळू द्या, मग टाका.

माझ्याकडे ३ नंबरची ब्लेडं पडून आहेत, मी हल्ली जाड कामच करतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोस्टाने पाठवतो. पैशांचं विचारू नका, पाटीचा फोटो टाका. आणि ते टिंब शिरोरेषेला टेकवूनच करा, अक्षरवेड्याचं कुंकू दुसऱ्या पाटीला.